काळ्या चित्रांसमोरची गर्दी

नानांच्या सत्तरीच्या दिवशी सकाळी घरात पहिली बोंब ठोकली ती आत्यांनी, म्हणजे नानांच्या बहिणीने.

"अरे नाना! चोरी झाली रे! भिंत साफ केली मेल्यांनी!"

सूनबाई तोंडात ब्रश तसाच धरून धावली. पॅसेजच्या दोन्ही भिंती उघड्याबोडक्या पडल्या होत्या. कालपर्यंत जिथे नानांची काळी चित्रं ओळीने टांगलेली होती, तिथे आता नुसते खिळे, आणि खिळ्यांखाली न विटलेल्या रंगाचे चौकोन. पॅसेजच्या टोकाला आपल्या रोजच्या स्टुलावर, रोजचा चहाचा कप घेऊन नाना बसले होते आणि गालातल्या गालात हसत होते.

"चोर कसले, अक्का! मीच पाठवलीत. गंमत आहे. जेवणं झाली की कळेल."

"गंमत?" आत्यांच्या एका हातात हेअरपिना होत्या आणि दुसऱ्या हाताने त्यांनी सुटलेला अंबाडा मानेवर धरून ठेवला होता. "आज? फोटोवाला यायचाय, तुझ्या त्या तांबेवाल्या बाई यायच्यात, आणि तुला आजच..." एवढं बोलून त्यांनी एकदम ओठ मिटले.

तेवढ्यात थोरला आला. गळ्यात टाय लोंबत होता. सवयीने तो डावीकडच्या तिसऱ्या खिळ्यासमोर उभा राहिला, गळ्याशी हात नेला, आणि भिंतीकडे पाहून "अरेच्चा" म्हणाला. त्याच्या मागून धाकटी आली, लिपस्टिक उघडून. ती तर खिळ्याला नाकच लावणार होती.

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा," ते म्हणाले, "एक दिवस चित्रं नाहीत, तर कसे कासावीस झालात!"

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण नाना सोडून घरातल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती आणि कोणीही ती तोंडातून काढत नव्हतं.

नाना दातांचे डॉक्टर. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या दवाखान्यात एक बाई सुजलेला गाल घेऊन आल्या, आणि खुर्चीत पडल्या पडल्या नानांच्या हत्यारांकडे बघून म्हणाल्या, "हे तर माझ्याकडेपण आहे." बाई मेझोटिंट करायच्या. म्हणजे काय, तर तांब्याचा पत्रा घ्यायचा, दातेरी पात्याने तो उभा-आडवा-तिरपा इतका खरवडायचा की तसाच छापला तर कागद मखमलीसारखा काळाकुट्ट उमटावा. मग जिथे उजेड हवा, तिथे तेवढाच पत्रा घासून घासून गुळगुळीत करायचा. जिथे गुळगुळीत, तिथे शाई धरत नाही, तिथे पांढरं. बाकी आयुष्यभर घासत बसायचं. नानांना हे इतकं ओळखीचं वाटलं की त्यांनी दाढ भरल्याचे पैसे घेतले नाहीत, एक चित्र मागून घेतलं. त्यानंतर बाईंनी नवं काही छापलं की नानांनी ते आणलंच. झाडं नाहीत, माणसं नाहीत, देव नाहीत. नुसता अंधार आणि त्यात कुठेतरी काहीतरी. नावं "स्तब्ध एक", "स्तब्ध दोन", अशी.

घरात त्या चित्रांची टर उडवायची जणू पद्धतच पडली होती. थोरला त्यांना "अमावस्या" म्हणायचा. धाकटीने शाळेत असताना एका चित्राच्या पाकिटावर "वीज गेली आहे" असं लिहून ठेवलं होतं. माई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, पाहुण्यांना सांगायच्या, "आमचे हे पैसे देऊन अंधार विकत आणतात." नाना हसायचे आणि चित्र कपाटात ठेवून द्यायचे.

मग दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला, नानांनी दवाखाना बंद केला, आणि सगळी चित्रं काचेच्या चौकटींत घालून पॅसेजमध्ये लावली. आरसे मात्र काढून टाकले. "चित्राशेजारी आरसा म्हणजे गाणं रंगात आलेलं असताना कोणी शिंकावं तसं," असं त्यांचं म्हणणं. माईंच्या कपाटाचा आरसा आत्यांनी आल्या त्या वर्षीच फोडला होता. तो विषय पुन्हा काढण्यात अर्थ नाही. राहिला न्हाणीघरातला. तो सदा वाफेने भरलेला, आणि आत सदा कोणीतरी.

पण काळ्याभोर चित्रावर स्वच्छ काच बसवली की काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. असला आरसा पैसे देऊन मिळत नाही! चेहऱ्यावरची एक सुरकुती सुटत नाही. पहिला शोध थोरल्याचा. तो वकील, त्याला रोज टाय. मग धाकटी, ती हॉटेलात स्वागताला बसते, तिला ओठ, भुवया, सगळंच. आत्यांनी तर समोरासमोरच्या दोन चित्रांमध्ये उभं राहून मागचा अंबाडा बघायची युक्ती काढली. आठ दिवसांसाठी म्हणून राहायला आलेल्या बाईंनी एवढं डोकं चालवलं, त्याचं घरात फार कौतुक झालं. अर्थात नानांच्या माघारी.

आणि नाना? नाना रोज सकाळी स्टुलावर बसून हे बघत होते आणि त्यांचा ऊर भरून येत होता. "थोरला चित्रासमोर उभा राहिला की त्याचा हात आपोआप गळ्याशी जातो. गहिवरतो गं तो," ते सूनबाईला सांगायचे. "धाकटी ओठ आवळून, डोळे बारीक करून बघते. तिला त्यातलं दुःख कळतं. आणि अक्का! अक्का एका चित्राकडे पाठ करून दुसऱ्याकडे बघते. दोन चित्रांमधला ताण पकडते ती. हे मलासुद्धा सुचलं नव्हतं!"

"आणि मी?" सूनबाईने एकदा भीत भीत विचारलं होतं. तिचं चष्म्यांचं दुकान. नवीन आलेल्या फ्रेमा ती पॅसेजमध्ये घालून बघायची.

"तू तर कमालच करतेस. वेगवेगळे चष्मे लावून बघतेस!"

या घरात येऊन तिला पाच वर्षं झाली होती, आणि नानांसारखं मनापासून तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. म्हणून तर नाना दुकानात आले आणि चकाकी न मारणारी भिंगं बघून म्हणाले, "अशी काच चित्रांना मिळते का गं? पोरं बिचारी रोज स्वतःच्या सावलीतून चित्र शोधत उभी असतात, मला बघवत नाही," तेव्हा ती हुरळून गेली. मिळते म्हणाली. फ्रेमवाला शोधून दिला. काचेचा नमुना स्वतः डोळ्यांसमोर धरून "बघा नाना, काच आहे की नाही तेच कळत नाही!" असं कौतुकाने सांगितलं. त्या क्षणी ती सून नव्हती, चष्मेवाली होती.

तिच्या डोक्यात प्रकाश पडला तो आत्ता, उघड्या भिंतीपुढे, तोंडात ब्रश असताना. पेस्टचा घोट तिने गिळूनच टाकला.

*

"काच बदलली?" थोरला स्वयंपाकघरात उभा राहून ओरडला, आणि माईंनी डोळे वटारल्यावर तेच कुजबुजत पुन्हा म्हणाला. त्याने ओट्यावर पातेलं उपडं घातलं होतं आणि त्याच्या बुडात बघून तो टाय बांधत होता. बुडात त्याचं नाक दुधीएवढं दिसत होतं. "आपण नवरा-बायको आहोत. एका शब्दाने सांगायचं नाही?"

"मला सुचलंच नाही रे."

"वहिनी, तू आमचा आरसा मोडलास!" धाकटी ओव्हनच्या दारासमोर गुडघे टेकून भुवई काढत होती. आत ट्रेमध्ये काहीतरी भाजत होतं, त्यामुळे तिला आपल्या कपाळावर कांदे दिसत होते.

"मी सांगून टाकतो नानांना," थोरला म्हणाला. "स्पष्ट. सभ्य भाषेत. जुन्या काचा परत बसवा म्हणून."

"मी तुझ्या बाजूने आहे," आत्या म्हणाल्या. "या वयात मला मागचं दिसायला नको?"

"खबरदार कोणी तोंड उघडलंत तर!"

हे माईंनी म्हटलं. हातात झारा होता. माई एरवी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे ओव्हनसमोरची धाकटीसुद्धा उभी राहिली.

"तीस वर्षं या माणसाची आपण टिंगल केली," माई म्हणाल्या. "मी सगळ्यांत जास्त. दोन वर्षं झाली, हा माणूस सकाळी शीळ घालत उठतो. कशामुळे? तर माझ्या घरच्यांना माझी चित्रं आवडायला लागली, यामुळे. ती शीळ ज्याच्यामुळे बंद होईल, त्याला या घरात पाणी मिळणार नाही."

"पण माई, अंबाडा..."

"वन्सं, माझ्या कपाटाचा आरसा आज असता तर हा प्रश्नच आला नसता."

आत्या तत्काळ माईंच्या पक्षात आल्या. "मी तर आधीपासून म्हणतेय, नानाचं मन मोडायचं नाही," असं म्हणून त्यांनी थोरल्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मोडायला तोच निघाला होता.

"ठीक आहे," धाकटी म्हणाली, "मी आपली माझ्या खोलीत एक आरसा आणते."

"आणि पॅसेजमध्ये मग उभं कोण राहील?" सूनबाईने विचारलं.

शेवटी थोरल्याने वकिली तोडगा काढला. दुपारी चित्रांचा विषय निघाला की प्रत्येकाने तीनच शब्द वापरायचे: खोली, शांतता, ताण. कोणतंही चित्र असो, यांपैकी एक लागू पडतोच. आणि सूनबाईने, जिच्यामुळे हे सगळं झालं, तिने काहीच बोलायचं नाही.

*

तांबेवाल्या बाई ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. बुटक्या, दणकट, आणि दोन्ही अंगठे शाईने कायमचे काळे. भिंतीवरचे नुसते खिळे बघून त्या जराही हिरमुसल्या नाहीत.

"मी चित्रं बघायला आलेच नाही," जेवायला बसता बसता त्या म्हणाल्या. "ती मला पाठ आहेत. माणसं बघायला आलेय. माझ्या प्रदर्शनात लोक चित्रासमोर थांबतात ते टॉयलेट कुठे आहे ते विचारायला. आणि हे डॉक्टर मला फोनवर सांगतात, घरातली सगळी जणं रोज सकाळी उभी राहतात म्हणून! म्हटलं, बघून तर यावं."

नानांनी सगळ्यांकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"काय आवडतं हो तुम्हाला?" बाईंनी आत्यांना विचारलं.

"खोली," आत्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि शांतता."

"कोणत्या चित्रात?"

आत्या गडबडल्या. समोर सूप होतं. "यात... म्हणजे सूपमध्येसुद्धा आहे," असं म्हणून त्यांनी मोठा घोट घेतला आणि ठसका लागून घेतला. खरा लागला की आणला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जेवणं आटोपल्यावर नाना सगळ्यांना पुढच्या खोलीत घेऊन गेले. फ्रेमवाला येऊन गेला होता. सोफ्यावर, खुर्च्यांवर, टीव्हीला टेकून चौकटी ठेवलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर चादर, चादरीला नावाची चिठ्ठी. फोटोवाला एका कोपऱ्यात कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करत होता. नानांनी कोटाची बटणं लावली.

"आज लोक मला काही ना काही देणार," नाना म्हणाले, "पण मी ठरवलंय की मीच द्यायचं. दोन वर्षं मी तुम्हाला बघतोय. कोणाचा जीव कोणत्या चित्रात आहे, ते तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. तर ज्याचं जे, त्याला ते. आणि काचासुद्धा अशा बसवून घेतल्यात की आता तुमच्या आणि चित्राच्या मध्ये काही म्हणजे काही येणार नाही. थोरल्या, पहिला तू."

आणि त्यांनी चादर ओढली.

चौकटीत काळोख होता, पण निव्वळ काळोख नव्हता. खालून राखाडी रंग हळूहळू वर चढत होता आणि मध्यावर एक बारीक, पांढरी, किंचित वाकलेली रेघ होती. इतकी लख्ख की डोळ्यांत भरावी. थोरला तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा गहिवर, जो त्याने सकाळपासून तयार ठेवला होता, तो विरून गेला.

"हे कोणाचं?" त्याने विचारलं.

"तुझं."

"छे छे. माझं नव्हे. माझ्यात रेघ नव्हती."

सूनबाईने त्याच्या कोटाची बाही ओढली. पण थोरला एकदा पेटला की न्यायाधीशालासुद्धा आवरत नाही. आणि गंमत अशी, की तो अगदी मनापासून बोलत होता. दोन वर्षं तो त्या चौकटीसमोर उभा राहिला होता, आणि तिच्यात टायची गाठ सोडून काही असल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"नाना, मी रोज बघतो. माझं चित्र सबंध काळं होतं! ही सरळसरळ अदलाबदल आहे!"

"बघू," म्हणत आत्यांनी आपल्या दोन चादरी ओढल्या. "अगं बाई! हे गोल कुठून आले? माझ्यात गोल नव्हते!"

"माझ्यातपण हे नव्हतं," धाकटी म्हणाली. तिच्या चित्रात दाराच्या फटीतून यावा तसा उजेड होता. "हे कोणीतरी नंतर घुसडलंय."

नाना पांढरेफटक पडले. ते सोफ्यावर बसले ते नेमके "स्तब्ध नऊ"च्या कडेवर, आणि पुन्हा उठले. "माझी चित्रं... पळवली? सूनबाई, तो फ्रेमवाला... तुझा ओळखीचा ना गं?"

"फोन लावा त्याला!" थोरला गरजला. "एकालाही सोडत नाही! दुकानाला कुलूप ठोकतो!"

"अरे, तो भला माणूस आहे," सूनबाई म्हणाली, पण तिचं कोण ऐकतंय? नानांनी फोन हातात घेतला होता. फोटोवाल्याने आपली पिशवी पायाशी ओढून घेतली, उगीच आपल्यावर आळ नको.

या सगळ्या गोंधळात तांबेवाल्या बाई शांतपणे थोरल्याच्या चित्रापुढे ओणव्या झाल्या. सही पाहिली. रेघ पाहिली. कंबर धरत सरळ झाल्या.

"माझंच आहे," त्या म्हणाल्या. "या एका रेघेसाठी मी एक अख्खा उन्हाळा घालवलाय. मी नाही ओळखणार?"

"मग इतके दिवस कुठे होती ती?" थोरल्याने भोळेपणाने विचारलं.

नाना थोरल्याकडे बघत होते. मग धाकटीकडे. मग आत्यांकडे. "तुला रेघ दिसली नाही? रोज उभा राहायचास तू. मी बघत होतो ना. मग तू काय बघत होतास?"

थोरल्याने टायची गाठ चाचपली. माई जोरजोरात खोकल्या. आत्यांनी तेवढ्यात "ताण..." असं काहीतरी पुटपुटून पाहिलं. पण नानांच्या हातात फोन अजून होता, एका निरपराध माणसावर चोरीचा आळ येणार होता, आणि नाना असे उभे होते, की जणू कोणीतरी त्यांना भर बाजारात हरवून निघून गेलंय. सूनबाईला ते सहन झालं नाही.

"टाय, नाना," ती म्हणाली. "तो टाय बांधायचा."

"म्हणजे?"

"काचेत चेहरा दिसायचा. तुम्ही आरसे काढलेत ना. तो टाय बांधायचा, धाकटी लिपस्टिक लावायची. आत्या अंबाडा बघायच्या. मी फ्रेमा घालून बघायचे. चित्र कोणीच... आम्ही चित्र कधी पाहिलंच नाही, नाना. काच मीच सुचवली आणि माझ्याही लक्षात आलं नाही. फोन ठेवा."

तांबेवाल्या बाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या हसायला लागल्या. पोट धरून, खुर्चीवर हात आपटत, डोळ्यांतून पाणी काढत. "पन्नास वर्षं!" त्या कशाबशा म्हणाल्या. "पन्नास वर्षं काळं करतेय मी, आणि पहिल्यांदा त्याचा कोणाला उपयोग झाला!" त्यांचं बघून फोटोवाला हसला, मग धाकटीला आवरेना, आणि आत्यांना तर हसताना पुन्हा तो सूपचा ठसका लागला.

नानांनीसुद्धा हसायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण जमलं नाही. त्यांनी फोन जागेवर ठेवला, कोटाचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं, आणि ते पॅसेजमध्ये निघून गेले.

*

"तू जा," थोरला धाकटीला म्हणाला. "मी नाही, तू जा," धाकटी म्हणाली. आत्यांनी माईंकडे पाहिलं. माई सूनबाईवर चिडल्या होत्या की स्वतःवर, ते त्यांचं त्यांनाच कळत नसावं. त्यांनी नुसतं मानेने खुणावलं, आणि शेवटी गेली सूनबाईच.

नाना स्टुलावर बसले होते. समोर खिळे.

"चूक माझी आहे, नाना."

"काच चांगली आहे गं," नाना म्हणाले. "रेघ काय सुरेख दिसते आता."

ती जमिनीवरच बसली. तिला रडू येत होतं आणि नाक गळत होतं, आणि आजच्या दिवशी घातलेल्या चांगल्या कपड्यांना यातलं काहीही शोभत नव्हतं.

"तुम्हाला फसवायचं नव्हतं हो आम्हाला. तुम्ही इतके खूश असायचात, की..."

"चित्रं पाहिली नाहीत, याचं मला काही नाही," नाना म्हणाले. "तीस वर्षं कोणी पाहत नव्हतं, सवय आहे. मला वेगळंच वाईट वाटतंय. सांगू? हसू नकोस. मीसुद्धा इथे बसून चित्रं बघत नव्हतो. मला ती पाठ आहेत. मी तुम्हाला बघायचो. माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात बघण्यात गेला. थोरला केव्हा उंच झाला, धाकटीने केस केव्हा कापले, मला पत्ता नाही. संध्याकाळी घरी यायचो तोवर सगळं होऊन गेलेलं असायचं. आता कुठे रोज सकाळी एकेक जण माझ्यासमोर येऊन निवांत उभा राहायचा. उद्या तुम्ही आपापल्या खोलीत आपापला आरसा लावाल. मग इथून कोण जाणार? कोणाचं काय काम आहे पॅसेजमध्ये?"

बाहेरून फोटोवाल्याची हाक आली: उजेड चाललाय, आटपा. ती उठली. सवयीने भिंतीकडे वळली. भिंतीवर खिळा. पर्समधून लिपस्टिक काढली, अंदाजाने ओठांवर फिरवली, आणि मग एकदम नानांसमोर चेहरा नेऊन उभी राहिली.

"बघा हो नाना. नीट लागलंय का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बघा तर."

नानांनी चष्मा नाकावर सरकवला. "जरा उजेडात ये. डावीकडे बाहेर गेलंय. आणखी. हां. आता ई कर." तिने ई केलं. "समोरच्या दाताला लागलंय." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच पुसलं. "आणि काजळ पसरलंय गालावर. रडायचं होतं तर आधी रडायचं, मग नटायचं."

दारात थोरला येऊन उभा होता. कधीपासून, कोण जाणे. तो पुढे आला आणि काही न बोलता हनुवटी वर करून नानांसमोर थांबला.

"हे काय बांधलंयस? पातेल्यात बघून बांधलंस का?" नाना म्हणाले.

"हो."

"सोड." नानांनी टाय सोडला आणि नव्याने बांधायला घेतला. एवढ्या जवळून त्यांनी मुलाचं तोंड कधी पाहिलं होतं कोण जाणे. "कानाजवळ पांढरे झाले की रे तुझे."

"हो नाना. झाले."

धाकटी आली. तिच्या दोन भुवया दोन वेगळ्या बायकांच्या होत्या, हे नानांनी तिला स्पष्ट सांगितलं. आत्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि "खरं सांग" म्हणाल्या. नानांनी खरं सांगितलं. आत्या म्हणाल्या, "चित्र इतकं लागट बोलत नव्हतं," आणि पिना त्यांच्या हातात दिल्या. नाना एकेक पिन अशी बसवायला लागले की आत्या ओरडल्या, "अरे, डोकं आहे ते, दाढ नव्हे!" बाईसुद्धा रांगेत आल्या. हनुवटीला सूप लागलं होतं, ते पुसून घेतल्यावर त्यांनी नानांच्या खांद्यावर काळा अंगठा ठेवला आणि "हसले त्याचं वाईट वाटून घेऊ नका डॉक्टर, माझं तोंडच तसं आहे," असं म्हणून त्या गेल्या.

शेवटी माई आल्या. पॅसेजमध्ये त्या कधी थांबलेल्या सूनबाईला आठवत नव्हत्या. सकाळी बाकीचे नटत असत तेव्हा त्या आत डबे भरत असायच्या. आता हात पुसत नानांसमोर येऊन त्या उभ्या राहिल्या, जरा अवघडून.

"माझं राहिलं," त्या म्हणाल्या.

नानांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. आणि बघायला लागले. कपाळापासून सुरुवात केली त्यांनी, आणि कुठे घाई केली नाही.

"एवढं काय बघताय? तोंडाला काही लागलंय का?"

"नाही."

"केस विस्कटलेत?"

"नाही गं."

"मग? अहो, सगळे बाहेर थांबलेत." माई वळायला लागल्या तशी नानांनी हनुवटीला दोन बोटं लावून त्यांचा चेहरा परत उजेडाकडे आणला. सूनबाईने तिथून निघून जायला हवं होतं, पण ती बघत राहिली.

पुढच्या खोलीतून थोरल्याने हाक मारली: "नाना, फोटोवाला खोळंबलाय!"

"खोळंबू दे त्याला," नाना म्हणाले. "माझं बघून व्हायचंय अजून."